तिसरी ओळ

माझ्याकडची सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू दिसायला अगदी भिकार आहे. मोबाईलमधली एक साधी टेक्स्ट फाईल. रंग नाही, रकाने नाहीत, ठळक अक्षर नाही, चित्र तर नाहीच नाही. उघडली की पांढऱ्यावर काळं, बस. कुणाला दाखवली तर लोक दोन ओळी वाचतात, मान हलवतात आणि चहाचं विचारतात.

तिच्यात माझ्या मायचे शब्द आहेत. माय हदगावची, म्हणजे आम्ही सगळेच मूळचे हदगावचे. मायची वाचा गेली तेव्हा हीच फाईल घेऊन मी तिच्या पलंगाशी बसले होते, ती पुन्हा बोलावी म्हणून. त्याचं काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी ही फाईल कशी झाली ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला सांगताना फाटे फुटतात, तेवढं सांभाळून घ्या.

लग्नाआधी मी नांदेडला एका डीटीपी सेंटरवर कामाला होते. वजिराबादच्या एका गल्लीत, जिन्याखालची खोली. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा, तोही मालकाकडंच तोंड करून फिरणारा. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं, विहारातल्या कार्यक्रमाची पत्रकं, सगळं तिथं व्हायचं. मी टायपिंगची परीक्षा पास होऊन गेलेली, त्यामुळं बोटं बरी पळायची आणि तोंड त्याहून बरं. मालक फटकळ होता पण कामात पक्का. त्याचा एकच हुकूम असायचा: मॅटर आधी साधं टाईप करायचं. नोटपॅडमध्ये, ओळीखाली ओळ. नाव एका ओळीत, तारीख दुसऱ्या, पत्ता तिसऱ्या, आणि दोन मॅटरच्या मध्ये एक रिकामी ओळ. वेलबुट्टी, कमान, मोर वगैरे नंतर. गिऱ्हाईक मोर पन्नासदा बदलतं, मॅटर साधं ठेवलं असलं की पुन्हा टाईप करायची पाळी येत नाही, असं त्याचं म्हणणं. मला तेव्हा मोरच आवडायचा, पण नोकरी त्याची होती.

एका लग्नसराईत एक पत्रिका आली. मुलीकडचे हदगावकडच्या खेड्यातले, मुलाकडचे पुण्याचे. मुलीच्या वडिलांनी मजकूर हातानं लिहून आणला होता. शेवटी ‘सर्वांनी वेळेवर यावे’ असं काहीतरी असावं. दुकानात गर्दी, डोकं तापलेलं, आणि माझ्या बोटांनी परस्पर टाईप केलं, ‘सर्वांनी येरवाळी यावे.’ आमच्याकडं येरवाळी म्हणजे लवकर, वेळेच्या आधी. प्रूफ मुलीच्या वडिलांनी बोट फिरवत ओळन् ओळ वाचलं आणि खाली सही केली. त्यांना त्यात चूक दिसायचं कारणच नव्हतं, तेही तिकडचेच. पत्रिका छापल्या, वाटल्या. मग मुलाकडच्या कुणीतरी पुण्याहून फोन करून विचारलं, की येरवाळी हे गाव कुठं येतं, नांदेडहून तिकडं जायला गाडी मिळते का.

मालकानं मला असं झापलं की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद करून ऐकलं. मी शनिवारच्या गाडीनं हदगावला गेले ती डोळे सुजवूनच. माय वसरीत, म्हणजे ओसरीत, बसून बोंडांतून कापूस काढत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं जवळ घेईल. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

“मग काय उशिरा या म्हणून लिवायचं व्हतं?”

एवढंच म्हणाली आणि पुढचं बोंड घेतलं. मला रडता रडता हसू फुटलं. सगळा मालक, सगळं पुणं, तिनं एका वाक्यात निकालात काढलं होतं.

सोमवारी दुकान उघडलं, अजून गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी नोटपॅड उघडलं आणि मालकाच्याच पद्धतीनं, ओळीखाली ओळ, टाईप केलं:

येरवाळी
वेळेच्या आधी, लवकर
मग काय उशिरा या म्हणून लिवायचं व्हतं? (माय)

ही पहिली नोंद. पहिल्या ओळीत शब्द, दुसरीत अर्थ, तिसरीत तो शब्द ज्या बोलण्यात निघाला ते बोलणं, आणि कंसात बोलणारा. मग एक रिकामी ओळ. तेव्हापासून आजपर्यंत हाच साचा. आता येरवाळी हा शब्द तिच्या त्या वाक्यात नाहीच, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मला शब्दाची आठवण नव्हतीच येत. मला घरची आठवण यायची. मी नांदेडला मावशीकडं राहायची, मावशी चांगली होती, पण मावशी गोड बोलायची. मायच्या शिव्याशापाशिवाय मला करमायचं नाही. तिसऱ्या ओळीत तिचा आवाज असायचा, म्हणून तिसरी ओळ. याहून मोठं शास्त्र त्यात काही नाही.

मग नादच लागला. दर सुट्टीला हदगाव, आणि येताना चार-पाच नवीन शब्द. भगुलं, म्हणजे पातेलं. त्याखाली मायचं वाक्य: ‘भगुलं घास म्हटलं तर बूड सोडून घासती.’ कामून, म्हणजे कशासाठी, का. त्याखाली: ‘कामून एवढं भरभर चालून राहिली, माग काय वाघ लागला का?’ इस्कोट, म्हणजे पसारा, सगळं विस्कटून टाकणं. मी घरी गेले की पिशवी एकीकडं, चप्पल दुसरीकडं, ओढणी दारावर. ते बघून माय एकदा म्हणाली होती, ‘तू घरात आली का इस्कोट, गेली का समदं सुनं.’ मी ते त्याच शिव्यांच्या रांगेत टाकलं. त्यातला दुसरा तुकडा शिवी नाही, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मायला हे कळल्यावर तिनं आधी थट्टा केली. शेजारणीला म्हणायची, ही माझ्या तोंडातलं काढून डब्यात भरून राहिली. मग माझ्यासमोर तोंड मिटून बसायची, लिही म्हणावं आता काय लिहितीस ते. पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. चुलीवर दूध उतू चाललं की सगळं व्रत मोडायचं. आणि मग पुढं पुढं तर मला सोडायला स्टँडवर यायची, गाडी सुटायला लागली की खिडकीखाली पळत विचारायची, “पऱ्हाटी लिवली का?” पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मी मान हलवायची. गाडी धूळ उडवत निघायची, आणि मी पेनानं तळहातावर ‘पऱ्हाटी’ लिहून घ्यायची, कारण लिहिलेली नसायची. हात कडक उन्हात घामेजायचा आणि नांदेडला पोचेपर्यंत शब्द पुसट व्हायचा. तो हदगावचा स्टँड, ती खिडकीखाली पळणारी नऊवारी, तो निळ्या शाईचा तळहात. मला आजही कुणी सोन्यानं मढवतो म्हटलं तरी मी तेच मागेन.

लग्न होऊन मी लातूरला आले. फाईल फ्लॉपीत घेऊन आले. इथं नवऱ्यानं कॉम्प्युटर घेतला, मी घरीच टायपिंगची कामं सुरू केली, आणि एका दुपारी मोठ्या हौसेनं ती फाईल त्यांना दाखवायला उघडली. बघते तर काय, सगळा कचरा. अर्धविराम, एस, जे, ओ, के, मध्येच आकडे, मध्येच कंस. एक मराठी अक्षर नाही. डीटीपीवाल्यांना यातलं काही नवीन नाही. तेव्हाचा मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी सदरा होता. फॉन्ट नसला की सदरा गळायचा आणि खालचं इंग्रजी उघडं पडायचं. नांदेडच्या दुकानातला फॉन्ट लातूरच्या कॉम्प्युटरवर नव्हता. नांदेडला फोन लावला तर दुकानच बंद झालेलं, मालक गावी गेलेला.

नवरा म्हणाले, जाऊ दे, नवीन लिही. मला असा राग आला की मी त्या दिवशी भाजीत मीठच टाकलं नाही. नवीन काय लिही? वाक्यं काय पुन्हा बोलली जातात का? संध्याकाळी मी पुन्हा त्या कचऱ्यासमोर बसले. नुसतं बघत होते. आणि बघता बघता माझी बोटं टेबलावर हलायला लागली. अर्धविराम म्हणजे उजव्या करंगळीखालची कळ, तिथं आमचा ‘य’. एस म्हणजे मात्रा. जे म्हणजे ‘र’. डोळ्यांना कचरा दिसत होता, पण बोटांना मराठी वाचता येत होतं. एवढी वर्षं त्याच कळांवर पत्रिका बडवल्या होत्या ना. मी मोठ्यानं वाचलं, “येरवाळी.” नवरा पेपर खाली ठेवून बघायला लागले, बाईला झालं तरी काय.

सगळी फाईल मी अशी बोटांनी वाचून पुन्हा टाईप केली, या वेळी युनिकोडमध्ये. युनिकोड म्हणजे सदरा नाही, कातडीच मराठी. कुठंही उघडा, मराठीच दिसतं. साचा मात्र तोच ठेवला, ओळीखाली ओळ. त्यानंतर कॉम्प्युटर बदलले, मोबाईल बदलले, किती तरी फोटो गेले, व्हिडिओ गेले, फाईल राहिली. मालक कुठं असेल तिथं सुखी असो. त्याचा हुकूम मला तेव्हा पटला.

आता माझ्या भावाचं सांगते. धाकटा, पुण्याला कॉम्प्युटरमध्येच मोठ्या कामावर. हुशार आहे, मला त्याचा अभिमान आहे, पण त्याला प्रत्येक गोष्ट सुधारायची खोड आहे. सुट्टीत लातूरला आला, फाईल बघितली आणि म्हणाला, अक्का, हा चांगला डेटा आहे पण रचना वाईट आहे. शब्द आणि अर्थ, दोनच रकाने ठेव. तिसऱ्या ओळीत काही शिस्तच नाही, कुठं शिवी, कुठं अर्धं वाक्य, कुठं तो शब्दच नाही. हा कचरा काढला की मी तुला झकास डेटाबेस करून देतो, शोधता येईल, वर्गवारी करता येईल.

मी त्याला म्हटलं, तू तुझ्या पहिल्या दोन ओळी घेऊन पुण्याला जा, तिसरीला हात लावशील तर बघ. तो हसला. खरोखरच दोन ओळी घेऊन गेला आणि त्या कुठल्यातरी ॲपमध्ये घातल्या. पुढं ते ॲपच बंद पडलं. मी त्याला कधी टोमणा मारला नाही. म्हणजे, फार वेळा नाही.

त्याच्यावर रागावून तरी काय करणार. बाबा गेल्यापासून माय हदगावला एकटी राहायची, आमच्याकडं यायला तयार नव्हती, आणि रोज संध्याकाळी त्याला पुण्याला फोन लावायची. रोज एकच प्रश्न विचारायची. तो वैतागायचा, मला म्हणायचा, अक्का, तिला सांग ना, रोज तेच काय विचारते. मीटिंगमध्ये असतो मी. कधी उचलायचा, कधी राहून जायचं. आपल्याला वाटतं, आज नाही तर उद्या बोलू.

मग माय एका सकाळी अंगणात पडली. शेजाऱ्यांनी नांदेडला दवाखान्यात नेलं. लकवा. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. नांदेडहून मी तिला सरळ लातूरला घरी आणलं. तिला सगळं कळायचं. पाणी पाहिजे, कूस बदलायची, पंखा बंद करा, सगळं डोळ्यांत असायचं. तोंड उघडलं की फक्त “ते… ते… ते.” मग स्वतःवरच चिडायची आणि डावा हात गादीवर आपटायची. जिनं आयुष्यभर बोलण्यावरच घर चालवलं, तिच्या तोंडात एक ‘ते’ उरला होता. भाऊ पुण्याहून आला, आठवडाभर पायाशी बसून राहिला, गेला. मग रोज संध्याकाळी तोच फोन करायला लागला. मी मोबाईल तिच्या कानाला लावायची. ती ऐकायची, ओठ हलवायची, “ते… ते,” आणि तोंड भिंतीकडं करायची. मी मोबाईल काढून घ्यायची. त्या वेळी मला एकच पाहिजे होतं. ती चालली नाही तरी चालेल, पण बोलली पाहिजे. मला शिव्या दिल्या तरी चालतील.

बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम यायच्या. वयानं लहान, पण मोठ्या चिकाटीच्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या. आई, हे काय? पातेलं. हे काय? कंगवा. म्हणा आई, पा-ते-लं. माय कार्डाकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची. मी म्हटलं, मॅडम, हिच्या तोंडात पातेलं कधीच नव्हतं, भगुलं म्हणा. मॅडमनी लगेच भगुलं म्हटलं. तरीही “ते… ते.” तेव्हा मला कळलं की नुसता शब्द बदलून भागायचं नाही.

पौर्णिमा आली. घराजवळच्या विहारात बायका वंदनेला जमतात. मायची इच्छा दिसली म्हणून तिला व्हीलचेअरवर बसवून नेलं. कडेला जागा करून दिली. वंदना सुरू झाली, मी डोळे मिटून म्हणत होते, आणि कानाशी एक आवाज ऐकू आला. घोगरा, पण स्पष्ट. डोळे उघडून बघते तर माय. त्रिशरण, पंचशील, एक शब्द न चुकता, सगळ्यांच्या लयीत. मी म्हणायचं थांबले. ती थांबली नाही. शेवटपर्यंत म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून विचारलं, माय, पाणी देऊ? ती म्हणाली, “ते… ते.”

मला हसावं का रडावं कळेना. खरं सांगते, राग आला. एवढी अवघड पाली येते आणि पाणी येत नाही, हा कुठला न्याय. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तर त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, लयीत म्हटलेलं असतं ते वेगळ्या वाटेनं येतं. ती वाट उघडी आहे, हे चांगलं आहे. त्यांना आणखी काय पाठ आहे ते शोधा. गाणी येतात का?

आता माझी माय काही गाणारी बाई नव्हती. तिचा सूर कोंबड्या हाकलण्यापुरता. पाळणा नाही, ओवी नाही, काही नाही. मी दिवसभर विचार करत होते, की हिला पाठ काय होतं? वंदना सोडली तर हिनं रोज न चुकता काय म्हटलं? पोळ्या लाटताना माझं मलाच हसू आलं. आम्हाला बोलणं. आम्हाला झापणं. तेच तिचं पाठ.

पोळी तव्यावर टाकून मी मोबाईल आणायला गेले. पोळी करपली.

पलंगाशी बसले, फाईल उघडली. आधी वेड्यासारखं पहिल्या ओळीतले शब्दच वाचले. माय नुसती बघत राहिली. दुसरी ओळ वाचली, अर्थ, तेव्हा तिनं अशी नजर टाकली की, मला सांगून राहिली का? मग मी तिसरी ओळ घेतली आणि मध्येच तोडली. तिच्याच हेलात, तिच्यासारखी मान झटकून म्हटलं, “भगुलं घास म्हटलं तर…”

माय थांबली. ओठ हलले. ‘ते’च येणार असं मला वाटलं.

“…बूड… सोडून घासती.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले. परत येऊन पुन्हा म्हटलं. पुन्हा आलं. नवऱ्याला बोलावून ऐकवलं. मायला आमचा तो तमाशा आवडला नसावा, तिनं तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

यावरून कुणी असं समजू नये की फाईल वाचली आणि माय घडाघडा बोलायला लागली. कित्येक दिवस एक अक्षर यायचं नाही. कधी सुरुवात यायची नाही, कधी शेवट भलत्याच वाक्याचा यायचा. मॅडमची कार्डं चालू होती, तोंडाचे व्यायाम चालू होते, वंदना चालू होती. पण रोज दुपारी जेवणाआधी मी ती फाईल वाचायला बसायची, आणि मॅडमही म्हणाल्या की हे सोडू नका. येरवाळीचं वाक्य म्हटलं की ती ओठाच्या चांगल्या बाजूनं हसायची. हळूहळू अर्धी वाक्यं पुरी व्हायला लागली. पण ती सगळी जुनी वाक्यं होती. हदगावच्या वसरीतली, स्टँडवरची. माझ्याशी आत्ता, लातूरला, तिचं स्वतःचं असं ती अजून काही बोलली नव्हती. मी ते मॅडमना विचारलं नाही. भीती वाटायची, नाही म्हणतील म्हणून.

एका दुपारी ताट वाढून घेतलं, पलंगाशी बसले आणि फाईल वाचत वाचत ‘इस्कोट’वर आले. नेहमीसारखंच म्हटलं, “तू घरात आली का इस्कोट…”

“गेली का… समदं… सुनं.”

कितीदा वाचलेली ओळ. पण तिच्या त्या तुटक, ओढून काढलेल्या आवाजात ऐकली, आणि मला एकदम ते हदगावचं घर दिसलं. गाडी गेल्यावर माय स्टँडवरून परत जायची तेव्हाचं. माझी चप्पल नाही, ओढणी नाही, सगळं जागच्या जागी. मी कधी त्या घराचा विचारच केला नव्हता, कारण मी तेव्हा तिथं नसायची. मला रडू आवरेना. मोबाईल मांडीवर, समोर ताट, आणि मी पदरानं नाक पुसत बसले.

तेवढ्यात मायचा डावा हात माझ्या गुडघ्यावर आला.

“कामून… रडून राहिली?”

मी तिच्याकडं बघितलं. हे मी वाचलं नव्हतं. हे फायलीत नव्हतंच. तिनं विचारलं होतं, आत्ता, मला, आणि उत्तराची वाट बघत होती. त्या घडीला आम्हा दोघींत वाचा माझीच गेली होती. मग तिनं डाव्या हातानं ताट माझ्याकडं सरकवलं.

जेवण झाल्यावर मी ते फायलीत लिहायला घेतलं आणि अडले. पहिल्या ओळीत काय लिहू? ‘कामून’ तर आधीच होता. नवा शब्द त्यात एकही नव्हता, अर्थ सांगावा असंही काही नव्हतं. मग पहिल्या दोन ओळींत नुसतं एकेक टिंब ठेवलं आणि तिसरी ओळ लिहिली.

माय त्यानंतर बरीच बोलायला लागली. तुकड्या तुकड्यानं, पण स्वतःचं. चहा पांचट झाला म्हणायची, पंखा लई वाजतो म्हणायची, माझ्या पोळीला नावं ठेवायची. संध्याकाळी भावाचा फोन आला की मोबाईल स्वतः धरायची. काय विचारायची ते मी दारातून ऐकायची आणि आत निघून जायची. भाऊ त्या वर्षात लातूरला जेवढा आला तेवढा आधी कधी आला नव्हता. पुढं ती गेली, झोपेत गेली, आणि आम्ही तिला हदगावला नेलं.

आता अलीकडं भावाच्या डोक्यात आलं की आपल्या मुलीला आजीचे शब्द कळले पाहिजेत. मला म्हणाला, अक्का, फाईल पाठव, मी चांगलं करून देतो. या वेळी तिन्ही ओळी घेतो म्हणाला, मी काही बोलायच्या आधीच. पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्याचा तो पुण्याचा कामातला आवाज.

“अक्का, प्रोग्राम एका जागी अडतोय. एका नोंदीत शब्द नाही, अर्थ नाही, नुसती टिंबं आहेत. चुकून राहिली असेल. काढून टाकू का?”

मला माहीत होतं कुठली ती. ती मी त्याला कधी सांगितली नव्हती. मी म्हटलं, तिसऱ्या ओळीत काय आहे ते वाच.

त्यानं वाचलं. “कामून रडून राहिली?” कंसातलंही वाचलं. आणि इकडं मी रडतच होते. मायनं पुन्हा एकदा विचारलं, या वेळी त्याच्या आवाजात. मग त्याला सगळं सांगितलं, ती दुपार, ते ताट, तिचा डावा हात. तो म्हणाला, राहू देतो, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला होता. मोबाईलवर त्याचा मेसेज आला. एवढी वर्षं फाईल सुधारायला निघालेल्या माझ्या भावानं पहिल्यांदाच स्वतःची नोंद पाठवली होती. माझ्याच साच्यात, ओळीखाली ओळ:

.
.
कवा येऊन राहिला? (माय)

मी गॅस बंद केला आणि ती फायलीत शेवटी टाकली.